सातबारा क्लिअर, पण जमीन खेळाच्या मैदानाची: डीपीतलं (विकास योजनेतलं) आरक्षण सुटण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव, नगरपरिषद लहान, क वर्गातली. गावाच्या कडेला, बसस्टँडपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एका कुटुंबाची ४८ गुंठे जमीन. नावं देत नाहीये आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत. वडील होते तोवर त्या रानात मेथी, शेपू, कोथिंबीर, उन्हाळ्यात गवार असं काही ना काही चालूच असायचं कारण विहिरीला पाणी बरं होतं. वडील गेले, मागे दोन भाऊ आणि एक बहीण. थोरला गावात, धाकटा पुण्यात कंपनीत, बहीण शेजारच्या तालुक्यात दिलेली.

मधल्या काळात गाव वाढत वाढत रानाला येऊन भिडलं, तीन बाजूंनी बंगले आणि दोन-तीन मजली इमारती झाल्या, भाजीपाल्याला राखण करणं अवघड व्हायला लागलं. मग थोरल्या भावाने ठरवलं की एका कोपऱ्यात आपलं घर बांधू, बाकीचा लेआउट करून प्लॉट पाडू आणि तिघांत वाटून घेऊ. सातबारा स्वच्छ, भोगवटादार वर्ग १, इतर हक्कात बोजा नाही, कुळाचं नाव नाही, जुने फेरफार जुळतायत. वकिलाचा सर्च रिपोर्ट पण क्लिअर आला. घरातल्या सगळ्यांना वाटलं आता फक्त नकाशा काढायचा आणि परवानगी घ्यायची.

अडचण नेमकी कुठे आली

आर्किटेक्टने झोन दाखला (जमीन डीपीत कोणत्या वापरासाठी दाखवलीय ते सांगणारा कागद) आणि भाग नकाशा (डीपीच्या नकाशाचा त्या जमिनीपुरता तुकडा) आणायला सांगितला. नगरपरिषदेतून तो कागद हातात आला तेव्हा कळलं की ४८ गुंठ्यांपैकी साधारण २९ गुंठ्यांवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे, म्हणजे ती जागा पुढे मैदानासाठी घ्यायची म्हणून राखून ठेवलेली आहे, सहाएक गुंठे १२ मीटरच्या डीपी रस्त्यात जातायत, आणि मोकळी राहते ती १३ गुंठे, ती पण दोन तुकड्यांत. विकास योजना मंजूर होऊन चौदा वर्षं होत आली होती. चौदा वर्षं घरात कोणालाच पत्ता नव्हता.

हे कसं शक्य आहे असं धाकट्याने मला विचारलं होतं, आणि हा प्रश्न प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच. उत्तर असं आहे की सातबारा हा महसूल खात्याचा कागद आहे, तो जमीन कोणाच्या नावावर, कशी धारण केली, त्यावर पीक काय, बोजा काय एवढं सांगतो. जमिनीवर काय करता येईल हे ठरतं महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ खाली केलेल्या विकास योजनेत, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो त्यात. दोन वेगळी खाती, दोन वेगळी दप्तरं. आरक्षणाची नोंद सातबाऱ्यावर दिसेलच असं धरून चालता येत नाही, आणि सर्च रिपोर्ट काढणारा वकील बहुतेक वेळा दुय्यम निबंधकाकडचे दस्त आणि फेरफार बघतो, डीपीचा नकाशा बघत नाही.

आरक्षण पडलं म्हणून मालकी जात नाही, हे पण लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. जमीन कुटुंबाचीच होती, कसता येत होती, विकता पण येत होती, फक्त आरक्षणाच्या विरोधात जाईल अशी बांधकाम परवानगी मिळणार नव्हती. म्हणजे शहराच्या मध्यात येऊन पडलेली जमीन, आणि तिची किंमत शेताएवढी पण धड येईना.

समोर कोणकोणते पर्याय होते

सगळ्यात पहिला पर्याय घरी चालत आला. गावातल्या एका बिल्डरने शेजारच्या दराच्या तिसऱ्या हिश्श्यात सगळी जमीन मागितली, आरक्षणाचं माझं मी बघतो म्हणाला. थोरला भाऊ दोन दिवस डगमगला होता कारण घरासाठी पैसे हवे होते. बहीण मात्र ठाम राहिली. ती म्हणाली, "दादा, तो आरक्षण उठवू शकतो तर आपण का नाही? कायदा त्याच्यासाठी वेगळा आहे का?" तिच्या या एका प्रश्नावर पुढचं सगळं उभं राहिलं असं मला आजही वाटतं.

दुसरा पर्याय एका एजंटने सुचवला, याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल करून आरक्षण वगळून आणतो, त्यासाठी एवढे एवढे लागतील. कलम ३७ खोटं नाहीये, डीपीत किरकोळ फेरबदल त्या कलमाखाली होतात, पण त्याला आधी नगरपरिषदेचा ठराव लागतो, जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्या लागतात, आणि शेवटची मंजुरी सरकारची. गावात दुसरं मैदान नसताना मैदानाचं आरक्षण काढणं हा किरकोळ बदल आहे असं पटवून देणं अवघड होतं, आणि उद्या कोणी हरकत घेतली की सगळं परत शून्यावर. शिवाय पैसे कोणाला आणि कशासाठी देतोय याचा कुठलाच कागद नव्हता. हा पर्याय लगेच बाजूला पडला.

तिसरा टीडीआर. नगरपरिषदेच्या अभियंत्याने हाच सुचवला, जमीन आम्हाला द्या, बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क घ्या, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करायचा, विकता येणारा हक्क. पुण्यासारख्या शहरात टीडीआरला गिऱ्हाईक असतं, कारण बिल्डरला जादा एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं ते) हवा असतो. या गावात असलेला एफएसआयच पूर्ण वापरला जात नव्हता, मग टीडीआर विकत घेणार कोण? कलम १२६ मध्ये रोख मोबदला, टीडीआर किंवा एफएसआय, आणि सक्तीचं भूसंपादन असे मार्ग दिलेत, आणि टीडीआर मालकाच्या संमतीशिवाय गळ्यात मारता येत नाही. कुटुंबाने मैदानापुरतं नाही म्हणून लेखी कळवलं.

चौथा कलम ४९. बांधकाम परवानगी मागायची, आरक्षणामुळे नाकारली गेली की सरकारला खरेदी नोटीस द्यायची, म्हणजे ही जमीन आता विकत घ्या अशी नोटीस. याला दहा वर्षं थांबावं लागत नाही, म्हणून आरक्षण नवीन असेल तर हा मार्ग बघण्यासारखा आहे. पण तिथे जमिनीचा वाजवी फायदेशीर उपयोग करता येत नाही किंवा आरक्षणामुळे योग्य किंमतच येत नाही अशा गोष्टी दाखवाव्या लागतात, नोटीस कायम करायची की नाही ते सरकार ठरवतं, आणि इथे तर रानात भाजी उभी होती.

आणि पाचवा, कलम १२७. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन करार करून घेतली नाही, किंवा कलम १२६ खाली संपादनाची घोषणा राजपत्रात आली नाही, तर मालकाला नियोजन प्राधिकरणाला (इथे नगरपरिषदेला) नोटीस देता येते. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत काही झालं नाही की आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं, आणि जमीन शेजारच्या जमिनीला जे चालतं त्यासाठी मोकळी होते. ही मुदत आधी ६ महिने होती, मग १२ झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने २४ झाली. गावात जुने लोक अजून सहा महिनेच सांगतात, त्यावर विसंबून घाईत पुढचं पाऊल टाकू नका. दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत दिलेल्या नोटिशीचा पण काही उपयोग नसतो.

चौदा वर्षं झालेलीच होती, म्हणून कलम १२७ ठरलं.

पहिली नोटीस आणि दुसरी नोटीस

पहिली नोटीस कुटुंबाने मी यायच्या आधीच दिली होती, तालुक्यातल्या एका ओळखीच्याकडून टाईप करून घेऊन, एकट्या थोरल्या भावाच्या सहीने. सातबाऱ्यावर तेव्हा वडिलांचंच नाव होतं, वारस नोंद झालेली नव्हती, आणि नोटिशीला एकही कागद जोडलेला नव्हता. कलमात स्पष्ट लिहिलंय की नोटिशीसोबत हक्काची किंवा हितसंबंधाची कागदपत्रं द्यायची. नगरपरिषदेने चार महिन्यांनी बरोबर तेवढंच उत्तर पाठवलं, कागदपत्रं नाहीत, सबब नोटीस ग्राह्य धरता येत नाही.

इथे निर्णयाचा पहिला खरा क्षण आला. थोरल्याचं म्हणणं होतं की नोटीस दिली ती दिली, तारीख सोडायची नाही, पुढे कोर्टात भांडू. कायद्यात "मालक किंवा हितसंबंध असलेली व्यक्ती" असे शब्द आहेत त्यामुळे एका वारसाची सही चालली असती असा युक्तिवाद करता आला असता हे खरं. पण कागदच जोडलेले नाहीत ही उणीव युक्तिवादाने भरून निघत नाही. २४ महिने थांबायचं, मग कोर्टात दोन वर्षं जायची, आणि मग कळायचं की पाया कच्चा होता, यापेक्षा मधले काही महिने गेले तरी चालतील पण नवी नोटीस द्यायची असं ठरलं. सगळ्या प्रकरणातला हा सर्वात महत्त्वाचा निर्णय होता असं माझं मत आहे.

मग आधी तलाठ्याकडे वारस नोंद घातली, बहिणीचं नाव लागलं. मोजणी करून घेतली, कारण डीपीच्या नकाशावरची आरक्षणाची रेषा गटाच्या हद्दीशी जुळत नव्हती आणि किती क्षेत्र बाधित आहे ते आकड्यात लिहायचं होतं. नोटिशीत गट नंबर, आरक्षणाचा साइट नंबर, बाधित क्षेत्र, डीपी अमलात आल्याची तारीख, करार झालेला नाही आणि घोषणा पण प्रसिद्ध झालेली नाही हे विधान, सगळं लिहिलं, तिघांच्या सह्या, आणि सोबत सातबारा, फेरफार, मोजणीची क प्रत, झोन दाखला, भाग नकाशा अशी कागदांची यादी नंबर टाकून.

द्यायला गेल्यावर आवक-जावकच्या टेबलावर नेहमीसारखं झालं. क्लार्क म्हणाले, "ठेवून जा, साहेब मीटिंगला गेलेत." बहीण तिथेच उभी राहिली. पोच हवी म्हणाली. शिक्का मारला तर शाई सुकलेली, तारखेतला महिना उमटलाच नाही. तिने परत मारायला लावला आणि आवक क्रमांक आणि तारीख पेनाने लिहून सही करून घेतली, सोबतच्या यादीवर सुद्धा. हीच नोटीस त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पण पाठवली. २४ महिने मोजायचे ते नोटीस मिळाल्याच्या दिवसापासून, त्यामुळे तो निळा शिक्का पुढे कोर्टात पहिल्या पानाला लागला.

आणखी एक गोष्ट ठरवली ती रस्त्याबद्दल. नोटीस फक्त मैदानाच्या आरक्षणापुरती दिली, १२ मीटरचा डीपी रस्ता त्यात घेतला नाही. धाकट्याला हे पटत नव्हतं, सहा गुंठे फुकट का सोडायचे असं त्याचं म्हणणं. पण डीपी रस्ताच रद्द झाला तर उरलेल्या जमिनीला पोच काय राहणार, एका बाजूने तीन मीटरची वहिवाट. रस्त्याची रुंदी बघूनच इमारतीची उंची आणि एफएसआय ठरतो. रस्त्याची जागा नगरपरिषदेला देऊन तिचा एफएसआय उरलेल्या जमिनीवर वापरायचा, हे हिशोबाने जास्त फायद्याचं होतं. आर्किटेक्टने दोन्ही आकडे कागदावर मांडून दाखवले तेव्हा धाकटा तयार झाला.

चोवीस महिन्यांत काय झालं

नोटीस गेल्यावर थोड्याच दिवसांत नगरपरिषदेची दुसरीच नोटीस आली, कलम ५३ खाली, विनापरवाना बांधकाम काढा म्हणून. रानाच्या रस्त्याकडच्या बाजूला वडिलांनी पत्र्याचं शेड टाकलेलं होतं, ते एका सिमेंटवाल्याला भाड्याने दिलं होतं. नेमकी आत्ताच नोटीस आली म्हणून थोरला संतापला आणि त्याचा राग समजण्यासारखा होता. पण शेडला परवानगी नव्हती हे पण खरं होतं. काढून टाकलं, फोटो काढले, काढल्याचं पत्र नगरपरिषदेला दिलं. दर महिन्याचं भाडं बुडालं, पण उद्या कोर्टात समोरच्या वकिलाला बोट दाखवायला जागा उरली नाही.

नगरपरिषदेने आठेक महिन्यांनी सर्वसाधारण सभेत जमीन संपादन करण्याचा ठराव केला आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवला. गावात बातमी पसरली की जमीन गेली. इथे सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा गिरनार ट्रेडर्सचा निकाल कामाला येतो. त्यात असं म्हटलंय की नुसता ठराव करणं, पत्र पाठवणं ही संपादनाच्या दिशेने टाकलेली पावलं नाहीत, घोषणा राजपत्रात प्रसिद्ध होणं हे खरं पाऊल. श्रीरामपूर नगरपरिषदेच्या २०१३ च्या प्रकरणात न्यायालयाने तेच परत सांगितलं, आणि आता तर कलमाच्या मजकुरातच घोषणेचा उल्लेख आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाने नगरपरिषदेला मोबदल्याची रक्कम भरायला सांगितली आणि प्रस्ताव तिथेच थांबला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली बाजारभावावर आणखी १०० टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, २९ गुंठ्यांचा तो आकडा नगरपरिषदेच्या आवाक्यातला नव्हता.

माझ्या मते नगरपरिषदेची पण बाजू ऐकायला हवी. मैदान गावाला खरंच हवं होतं. मुलं आजही बाजार समितीच्या आवारात क्रिकेट खेळतात आणि सुट्टीच्या दिवशी ट्रक उभे असले की तेही बंद. मुख्याधिकारी बोलताना म्हणाले होते की डीपी करताना आरक्षणं टाकली जातात लोकसंख्येच्या हिशोबाने, ती घ्यायला पैसा कुठून येणार हे कोणी बघत नाही. अर्ध्या क्षेत्राचा तरी करार करा, हप्त्याने पैसे द्या, असा प्रस्ताव कुटुंबाने लेखी दिला होता. त्यावर उत्तर आलं नाही.

शेवटच्या काही महिन्यांत सुधारित डीपीचं काम सुरू झालं आणि नगरपरिषदेने कळवलं की नवीन आराखड्यात आरक्षण कायम ठेवणार आहोत, त्यामुळे तुमच्या नोटिशीला अर्थ नाही. यावर सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा भावनगर विद्यापीठाचा निकाल आहे, गुजरातच्या कायद्यावरचा पण मुद्दा तोच, की योजनेची सुधारणा सुरू झाली म्हणून मालकाला आधी मिळालेला हक्क नाहीसा होत नाही. तरीसुद्धा कुटुंबाने सुधारित आराखड्यावर मुदतीत हरकत नोंदवली आणि सुनावणीला हजर राहिले. निकाल बाजूने आहेत म्हणून हरकत नोंदवायची नाही असं करू नये.

कोर्ट आणि निकाल

२४ महिने संपले, घोषणा आलीच नाही. कुटुंबाने सरकारला कलम १२७(२) खाली राजपत्रात आदेश काढायची विनंती केली. नगरपरिषदेचं म्हणणं, राजपत्र आल्याशिवाय आम्ही परवानगी देऊ शकत नाही. मंत्रालयातून उत्तर येईना. मग मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका केली. तिथे दीडेक वर्ष गेलं, पण सुनावणी स्वतः लांबली नाही, कारण वादाचे मुद्दे तीनच होते आणि तिन्हींना कागद होता: डीपीची तारीख, नोटीस मिळाल्याची तारीख, आणि घोषणा नाही ही गोष्ट. नगरपरिषदेने पहिल्या सदोष नोटिशीचा मुद्दा काढला होता, पण याचिका दुसऱ्या नोटिशीवर उभी होती म्हणून तो टिकला नाही. आरक्षण व्यपगत झाल्याचं न्यायालयाने जाहीर केलं आणि सरकारला राजपत्रात प्रसिद्धी द्यायला सांगितलं.

पुढचं तुलनेने सोपं गेलं. मंजूर डीपीच्या हद्दीत असल्यामुळे जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ब प्रमाणे वेगळी अकृषिक परवानगी मागत बसावं लागलं नाही, रूपांतरण कर आणि आकारणीचं चलन भरून अकृषिक वापराची सनद मिळाली. रस्त्याची जागा नगरपरिषदेच्या नावे करून दिली. तोवर राज्यात २०२० ची एकात्मिकृत नियमावली, यूडीसीपीआर, लागू झालेली होती, तिच्याप्रमाणे लेआउट मंजूर झाला. रस्ता वजा जाऊन पण ४० गुंठ्यांच्या वर क्षेत्र राहत होतं म्हणून १० टक्के खुली जागा सोडावी लागली. बहिणीचा आग्रह होता की ती जागा कोपऱ्यातल्या नाल्याकडे न ढकलता रस्त्याला लागून सलग ठेवायची. दोन चांगले प्लॉट त्यात गेले, भाऊ थोडे कुरकुरले, पण तसंच केलं. २९ गुंठ्यांच्या मैदानाऐवजी गावाला चारएक गुंठ्यांची खुली जागा मिळाली.

काय वेगळं करता आलं असतं

कुटुंबाकडून बघितलं तर सगळ्यात स्वस्त संधी डीपी मंजूर व्हायच्या आधीच होती. प्रारूप डीपी प्रसिद्ध झाला तेव्हा राजपत्रात आणि स्थानिक पेपरात नोटीस आली होती, नकाशा नगरपरिषदेत लावलेला होता. तेव्हा एक हरकत अर्ज आणि सुनावणी, एवढ्यावर कदाचित आरक्षण कमी झालं असतं किंवा शेजारच्या सरकारी जागेवर सरकलं असतं. वडील रोज भाजी घेऊन नगरपरिषदेच्या समोरच्याच मंडईत बसायचे, पण आत जाऊन नकाशा बघायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलं नाही. आपल्या गावाचा आराखडा निघाला की ग्रुपवर टाका, वयस्कर शेतकऱ्यांना सोबत घेऊन जा आणि त्यांचा गट नंबर नकाशावर दाखवा.

वारस नोंद वडील गेल्या गेल्या केली असती तर पहिल्या नोटिशीचा गोंधळ टळला असता. आणि घर बांधायचा विचार नसला तरी झोन दाखला काढून ठेवायला हरकत नव्हती, फी किरकोळ असते.

नगरपरिषदेला २४ महिने होते. त्यातले पहिले आठ नुसते गेले, मग ठराव, मग पत्रं. अर्ध्या जमिनीच्या कराराचा प्रस्ताव फाइलमध्ये होता, त्यावर बसून बोलले असते, आमदार निधी किंवा जिल्हा नियोजनातून थोडे पैसे मागितले असते, तर चौदा-पंधरा गुंठ्यांचं मैदान नक्की झालं असतं. त्याच डीपीतल्या भाजी मंडईच्या आणि प्राथमिक शाळेच्या आरक्षणाला पण दहा वर्षं कधीच उलटून गेलीत, आणि या निकालानंतर तिथल्या मालकांनी सुद्धा कलम १२७ च्या नोटिसा दिल्यात, कागद जोडून.